हवा कोणी खायची?

लोणावळ्याला लोक हवा खायला येतात. शनिवारी मुंबईवरून येतात, पुण्यावरून येतात, हवा खातात, चिक्कीचा पुडा घेतात, रविवारी संध्याकाळी घाटात अडकतात आणि घरी जातात. शाळेत मास्तर विचारायचे, 'महाराष्ट्रातील थंड हवेची ठिकाणे सांगा.' आम्ही बोटं मोजत ओरडायचो— महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, लोणावळा, खंडाळा. त्यातली शेवटची दोन आमच्या वस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. पण थंड हवा नावाचा माल आपल्याही वाट्याचा आहे, असं आम्हाला कधी वाटलं नाही. आमच्याकडं होता तो गारठा. आषाढात कुडातनं आत यायचा, ओल्या लाकडांचा धूर बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि आजीच्या छातीत जाऊन बसायचा. गारठा खायला तिकीट काढून कोणी येत नाही.

मी मोटार मेकॅनिक आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला, कामशेतच्या अलीकडं, माझं पत्र्याचं शेड आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा सुरू झाला आणि ट्रकवाले वरच्या वर जायला लागले. तेव्हा या जुन्या रस्त्यावरच्या कितीतरी गॅरेजांच्या चुली थंडावल्या. राहिलो ते आम्ही गावच्या जीपा, टेम्पो आणि सुट्टीच्या दिवशी बंद पडणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांवर. आणि अलीकडं या पाहुण्यांची तरुण पोरं एक नवीन काम घेऊन येतात. डिकीतनं एक खोकं काढतात. आत एक चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप, एक शंकूसारखा तांबडा फिल्टर, दोन रबरी जोड आणि चार होज क्लिपा. खोक्यावर नाव— कोल्ड एअर इनटेक. म्हणजे थंड हवेचा पाइप. गाडीनं थंड हवा खावी म्हणून.

हसू नका. गाडी हवा खाते, आणि माणसापेक्षा फार खाते. लोकांना वाटतं गाडी पेट्रोलवर चालते. ते अर्धंच खरं. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागं नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. पेट्रोलचं बिल येतं, हवेचं येत नाही, म्हणून हवा कोणाच्या ध्यानात येत नाही. १३०० सीसीचं इंजिन घाटात पूर्ण रेस देऊन ३००० फेऱ्यांवर चढत असलं, की मिनिटाला जवळजवळ १९०० लिटर हवा ओढतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर ओढतो. घण मारणारा माणूस पन्नासेक लिटर.

आता हवा तापली की फुगते, पातळ होते. साधारण तीन अंश वाढले की एक टक्का हवा कमी. बाहेर ३० अंश आहेत आणि बोनेटखाली ६०, तर इंजिनाच्या तोंडात येणारी हवा नऊ टक्क्यांनी हलकी. पोट भरल्यासारखं दिसतं, कस नसतो. भाताऐवजी पेज प्यायल्यासारखं. वाडगा तेवढाच, दाणा कमी. वाडगा मोजणाऱ्याला हा फरक कळत नाही. पेज पिणाऱ्याला कळतो. वर आमचा हा डोंगर. लोणावळा समुद्रापासून सहाशे मीटरच्या वर आहे, आणि नुसत्या उंचीनंच इथली हवा खोपोलीच्या हवेपेक्षा पाच टक्क्यांनी पातळ. म्हणजे जिथं दम जास्त लागतो, तिथंच हवा कमी मिळते.

खंडाळ्याचा घाट ही पहिल्यापासून दमाचीच परीक्षा आहे. १८३० साली इथून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा बैलांनी धापा टाकल्या. १८६३ साली रेल्वे चढली. चढ असा, की ३७ फूट पुढं सरकलं की एक फूट वर. कर्जतला आगगाडीच्या मागं बँकर इंजिनं लावायची आणि ढकलत लोणावळ्याला आणायची, ही रीत अजून आहे. या लाइनीवर २५ बोगदे खोदले. १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास माणसं इथं राबत होती. मुख्य इंजिनिअर बर्कले, त्याचं नाव पुस्तकात आहे. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ साली आल्या आल्या वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, काम पुरं करून घेतलं. तिचं नाव आहे, असावंच. पण सुरुंग उडाल्यावर धूर बसायच्या आत पहार घेऊन आत शिरणाऱ्यांची नावं कुठं नाहीत. त्यांनी कोणती हवा खाल्ली, ती कोणी मोजली नाही.

माझा बाप रेल्वेत गँगमन होता. मंकी हिल ते खंडाळा, रोज बोगद्यातनं पायी. तो सुट्टीच्या दिवशी सांगायचा, ''बोगद्यात गाडी आली की कोनाड्यात शिरायचं. त्वांड भितीकडं. गाडी आधी हवा ढकलीत येती, मागनं धूळ येती. हवा आली तवाच छाती भरून घ्यायची. मग धूळ बसंस्तोवर सोडायची न्हाय.'' आमचा बाप चौथी नापास. पण गाडीच्या पुढं दाबलेली हवा असते आणि मागं ओढलेली धूळ, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. कारण ठाऊक नसतं तर तो जगला नसता. आमच्यातलं पुष्कळ शास्त्र असंच आलेलं आहे. जगायचं म्हणून.

आणि गावालाही हवेचं शास्त्र ठाऊक होतंच. गावाची जुनी मांडणी आठवा. महारवाडा बहुधा उगवतीला. का? पावसाळ्याचा मोठा वारा मावळतीचा. तो आधी गावावरनं यायचा आणि मग आमच्यावर. आमच्या अंगावरनं गेलेला वारा गावात शिरता कामा नये. आजी म्हणायची, ''वारा बी आपल्याला उष्टाच.'' लहानपणी मला ती थट्टा वाटायची. पुढं गॅरेजमधे इंजिन शिकलो तेव्हा कळलं, की म्हातारी हवेच्या पाइपाचं तोंड कुठं आहे तेच सांगत होती. इंजिनाला एक तोंड हवा घेण्याचं आणि एक टाकण्याचं. गावालाही तसंच. आम्हाला सायलेन्सरच्या बाजूला बसवलं होतं.

१९८८ साली मी दहावीची परीक्षा देऊन लोणावळ्यात एका गॅरेजला लागलो. सायकलनं जायचो. लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे. तिथं श्वासावर प्रयोग होतात, आणि श्वास कसा घ्यावा, कसा रोखावा, कसा सोडावा, हे शिकायला देशोदेशीची माणसं येतात. त्या माणसांना सकाळी फिरायला चाललेलं मी बघायचो. काम चांगलंच आहे. मला एवढंच वाटायचं, की यातलं कोणीतरी चार पावलं पुढं यावं आणि आमच्या खड्ड्यातही श्वास मोजावा.

खड्डा म्हणजे गॅरेजमधला तो. पाच-साडेपाच फूट खोल, वर गाडी उभी, खाली पोऱ्या. हवेचं वाईट ते सगळं खाली येतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात उतरते आणि तिथंच बसते. वर इंजिन चालू असलं तर सायलेन्सरचा धूर पोऱ्याच्या तोंडासमोर. ब्रेकचा ड्रम खोलला की आत काळी पूड असायची. आम्ही ती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायचो. त्या काळी ब्रेकच्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असायचा. त्याची तूस छातीत रुतली की निघत नाही, वीस-तीस वर्षांनी हिशेब मागते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही एकमेकांची काळी नाकं बघून हसायचो.

एका पावसाळ्यात, झड आत येते म्हणून मालकानं शटर खाली ओढलं होतं. वर जीप चालू. खाली माझ्या बरोबरीचा एक पोरगा, नेसाव्याच्या गाडीचा सायलेन्सर बांधत होता. 'बारा-तेराचा पाना दे' म्हणाला. मी पाना घेऊन गेलो तर हात वर आला नाही. खाली भिंतीला टेकून बसला होता, झोपल्यासारखा. मी उतरलो, त्याला काखेत धरला, दोघांनी वरनं ओढला. ओठ नेहमीसारखे लाल होते म्हणून मालकाला वाटलं पोरगं सोंग करतंय. म्हणाला, ''च्या पाजा, उठंल.'' उठलाही तो तासाभरानं. चार दिवस डोकं धरून होता. ते चार दिवस त्याचे खाडे मांडले. पुढं कळलं, की त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त चिकटतो. चिकटला की माणूस आतनं गुदमरतो आणि तोंडावर लाली राहते. मेलेला माणूसही ताजातवाना दिसतो. हे मी वाचलं ते रद्दीतल्या एका इंग्रजी पुस्तकात, डिक्शनरी घेऊन. तेव्हापासून मी गाडीच्या हवेबद्दल मिळेल ते वाचत आलो.

म्हणून हे थंड हवेचं खोकं माझ्याकडं पहिल्यांदा आलं, तेव्हा मला ते नवीन नव्हतं.

पोरगा पंचविशीतला होता. गाडी पेट्रोलची, नवीच. मी पन्नाशीला आलेला. म्हणाला, ''मिस्त्री, हे लाव. एका तासाचं काम आहे.''

मी म्हटलं, ''साहेब, लावतो. पण दोन गोष्टी आधी सांगतो. एक, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. गाडी ज्या नोंदीवर पास झाली त्याच्याशी न जुळणारा फेरफार चालत नाही. २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही ते पक्कं केलंय आणि त्याच सालच्या दुरुस्तीत मनाईतल्या एकेका फेरफाराला पाच हजार दंड किंवा कैद लिहिलीय. कंपनीची वॉरंटीही हातची जाऊ शकते. म्हणून जुना डबा मी स्क्रूसकट बांधून देणार, फेकणार नाही. दुसरं, यानं ताकद वाढेल असं मी लिहून देणार नाही.''

''पंधरा टक्के वाढते. मी सगळं वाचलंय. तू फक्त लाव.''

मी काही बोललो नाही. मागच्या फळीवरनं वायरवाला थर्मामीटर काढला. दोनशे-अडीचशेला मिळतो, माशांच्या टाकीला लावतात तसला. वायरीचं टोक कंपनीच्या फिल्टरच्या डब्यात सोडलं, काटा म्हणजे आकडा काचेजवळ चिकटवला आणि म्हटलं, ''चला, राजमाचीच्या वळणापर्यंत जाऊन येऊ. पेट्रोल तुमचं, वेळ माझा.''

बाहेर २९ अंश होते. पळत्या गाडीत डब्यात ३४. खंडाळ्याला रांगेत दहा मिनिटं उभे राहिलो तर ४५. परत आलो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. डब्याच्या क्लिपा उघडल्या, हवेच्या वाटेवरचा सेन्सर अलगद सोडवला. तो फार नाजूक, त्याला बोट लावायचं नाही आणि तेलाचा हात तर नाहीच. या तांबड्या फिल्टरला तेल लावतात, ते जास्त झालं की उडून सेन्सरवर बसतं आणि इंजिनाला खोटा हिशेब जातो. मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक मिस्त्रीच्या नावानं शंख करतं. नवीन पाइप आधी नुसता सैल बसवला. बोनेट बंद करून बघितलं, इंजिन रेस केल्यावर अंगाला झटका देतं तेव्हा पाइप कुठं घासतो का ते बघितलं, मग क्लिपा आवळल्या. आवळतानाही बेतानं. रबर कापलं गेलं की फिल्टर टाळून धूळ आत, आणि मावळातली तांबडी धूळ म्हणजे इंजिनाला कानस.

खोक्यातल्या कागदाप्रमाणं सगळं झालं. फिल्टर उघडाच, रेडिएटरच्या मागं. परत तोच रस्ता. पळत्या गाडीत ५२. रांगेत ६६.

पोरगा आकड्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, ''खोक्यावर थंड लिहिलंय. पण तोंड कुठंय ते बघा. रेडिएटरनं ओकलेली हवाच आता इंजिन खातंय. कंपनीच्या डब्याचं तोंड बाहेर होतं, दिव्याच्या मागं. ते काढून आपण इंजिनाला त्याच्याच घामात उभं केलं.''

''पण आवाज तर मस्त येतोय,'' तो म्हणाला.

आवाज येतो. डबा गेला की हवा ओढल्याचा घुमारा मोकळा होतो आणि माणसाला वाटतं ताकद वाढली. या खोक्याची निम्मी किंमत आवाजाची आहे. मी ते वाईट म्हणत नाही. ज्याला ऐकायचंय त्यानं ऐकावं. पण इंजिनानं श्वास घेतलेला ऐकायला माणसं हजारो रुपये मोजतात, आणि खाली पोऱ्या खोकतो त्याला म्हणतात, 'बाहेर जाऊन खोक.'

मग मी काम केलं ते असं. पत्र्याचा एक तुकडा घेतला. कागदाचा साचा कापून, घडी घालून, फिल्टरभोवती तीन बाजूंनी आडोसा केला. वरच्या कडेला दाराची रबरी पट्टी लावली, ती बोनेट बंद केल्यावर दाबून बसते आणि गरम हवेला वाट राहत नाही. दिव्याच्या बाजूला, कंपनीनं जिथनं हवा घेतली होती तिथंच, तोंड काढलं. पोरगा म्हणाला, ''खाली बंपरमधे तोंड न्या ना. तिथं सगळ्यात थंड.'' आता तो 'न्या' म्हणत होता, 'ने' नाही. माझ्या लक्षात आलं. आकड्यानं काम केलं होतं.

मी म्हटलं, ''तिथं थंड खरं. पण हे मुंबई-पुणं नव्हे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो चारच महिन्यांत उरकतो. इंद्रायणीला लोंढा आला की आमच्याकडं साकवावरनं गुडघाभर पाणी जातं. तोंड खाली ठेवलं तर इंजिन हवेबरोबर पाणी पिणार. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग थंड हवेचा हिशेब लाखात.'' तोंड वरच ठेवलं, आडोशाच्या तळाला पाणी गळायला एक भोक पाडलं.

पुन्हा गेलो. पळत्या गाडीत ३५. रांगेत ४७.

''म्हणजे पहिल्यासारखंच झालं की!'' तो म्हणाला.

''जवळजवळ. वरच्या फेऱ्यांवर हवेला वाट थोडी मोकळी झाली असेल. पण कंपनीनं जे दिलं होतं तिथंच आपण फिरून आलो. पंधरा टक्के बिक्के काही नाही. ताकद पाइपात नसते, साहेब. पाइपाचं तोंड कुठंय, त्यात असते.''

इथवर ठीक होतं. मग पाऊस आला. झड आत यायला लागली म्हणून पोरानं स्वतःच जाऊन शटर अर्ध्यावर ओढलं. माझा पोऱ्या खड्ड्यात होता, खालचा ब्रॅकेट आवळत. आणि या पोराला मित्रांना आवाज पाठवायचा होता. एका हातात मोबाइल धरून तो गाडीत बसला, चावी फिरवली आणि रेस द्यायला लागला. घुम्म, घुम्म. शेड धुरानं भरायला सुरुवात झाली. त्या गाडीचं तोंड मी स्वतः बाहेरच्या थंड हवेला लावून दिलं होतं. आणि तिची शेपटी खड्ड्यावर होती.

मी दार उघडलं, हात आत घातला, इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली.

''काय करताय? माझी गाडी आहे!''

''गाडी तुमची. खड्ड्यातलं पोरगं माझं.''

पोऱ्याला आधी वर घेतला. शटर वर केलं, पाऊस आला तर आला. पोरगं ठीक होतं, नुसतं डोळे चोळत होतं. मग मी त्या तरुणाला कार्बन मोनॉक्साइड सांगितला. जुन्या गॅरेजमधला पाना सांगितला, जो घ्यायला हात वर आला नव्हता. तो गप्प झाला. शिकलेला होता. म्हणाला, ''नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, मोनॉक्साइड कमी सोडतात.'' बरोबर बोलला. कन्व्हर्टर तापल्यावर कमी सोडतात. थंड इंजिनाला तो काम करत नाही, आणि बंद शेडमधे कमी म्हणजेही पुरे होतो. मी म्हटलं, ''कमी विष असं औषधाच्या दुकानात मिळतं का?'' त्यानं पैसे ठरल्यापेक्षा जास्त दिले. जास्तीचे मी परत केले. मला ते माफीसारखे वाटले आणि माफी त्यानं मागितली नव्हती.

त्या रात्री मी हिशेब केला. तीन वेळा घाटात जाऊन, पत्रा कापून, रबर लावून आम्ही एका इंजिनाच्या तोंडातली हवा सतरा अंशांनी थंड केली. पाऊण दिवस घालवला. आणि आमच्या खड्ड्यात वीस वर्षांत, माझ्या स्वतःच्या शेडमधे, आम्ही काय केलं होतं? दार उघडं ठेवत होतो, इंजिन चालू असलं की पोराला वर बोलावत होतो, ब्रेकची पूड उडवायची बंद करून ओल्या फडक्यानं पुसत होतो. चांगलं होतं, पण ती सगळी जपणूक होती. पाइप नव्हता. इंजिनाला पाइप आणि माणसाला जपणूक.

तेव्हा दुसऱ्या रविवारी भंगारातनं एक ब्लोअर आणला, जुन्या कूलरचा. सहा इंची पीव्हीसी पाइप घेतला. आणि खोक्यावाल्या गाडीला लावला तोच नियम लावला— तोंड कुठं? रस्त्याच्या बाजूला नको, तिकडं ट्रक आणि एसट्यांचा धूर. जनरेटरजवळ नको. मावळतीच्या भिंतीला, माणसाच्या डोक्याच्या वर, जाळी लावून भोक पाडलं. मावळतीला शेतं आहेत, त्यापलीकडं लोहगड-विसापूर. वारा तिकडनंच येतो. पाइप भिंतीनं खाली आणून खड्ड्याच्या तळाला सोडला. म्हणजे ताजी हवा तळातनं भरत वर येते आणि जड वाफ आपोआप वर ढकलली जाते. ब्लोअरची मोटार खड्ड्यापासून लांब, भिंतीवर. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको.

सायलेन्सरचा धूर बाहेर न्यायला लवचिक लोखंडी पाइप घेतला. तो सायलेन्सरला अडकवायचा आणि बाहेर सोडायचा. आमच्या शेडच्या उगवतीला चार-पाच घरं आहेत. कातकऱ्यांची. सोपं होतं, तिकडच्या भिंतीला भोक पाडलं की काम झालं. पोऱ्या तसंच म्हणाला, ''उस्ताद, तिकडं सोडू. लांब हाय, कोन बोलनार न्हाय.''

कोणी बोलणार नाही, हे खरंच होतं. म्हणूनच तिकडं सोडला नाही. पाइप सरळ वर नेला, पत्र्याच्या वर आठ फूट. दीड हजाराचा जादा पाइप लागला आणि तार बांधायला दोन दिवस गेले. पण आजीचा वारा आम्ही कोणाला उष्टा करून देणार नव्हतो.

तो तरुण पुढं सर्व्हिसिंगला आला. ब्लोअरचा घुमारा ऐकून म्हणाला, ''मिस्त्री, हे काय लावलंय?''

माझ्याआधी खड्ड्यातनं पोऱ्याच बोलला, ''कोल्ड एअर इनटेक.''

दोस्तांनो, हे मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. गॅरेजात, भट्टीवर, बोगद्यात, गटारीत, केमिकलच्या टाकीत आपलीच पोरं खाली उतरतात. ड्रेनेजच्या टाकीत उतरून दोघं-तिघं गेले, अशी बातमी दरसाल पेपरात येते. पहिला उतरतो, पडतो; दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. माणसाला असं टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी येते. ती बातमी वाचताना आपण 'विषारी वायूने' एवढं वाचतो आणि पान उलटतो. वायू होताच. प्रश्न असा आहे, की खाली माणूस सोडण्याआधी खाली हवा का सोडली नाही? गाडीच्या इंजिनाला जे कळतं ते कंत्राटदाराला कळत नाही, असं नाही. त्याला इंजिनाची किंमत ठाऊक असते.

म्हणून खाली उतरायच्या आधी विचारा— हवा कुठनं येते? जाते कुठं? वर कोण उभं आहे, त्याच्या हातात दोर आहे का? मालक हसेल, हसू द्या. म्हणेल, 'लई शिकलास.' म्हणा, हो, शिकलो. आणि उत्तर मिळेपर्यंत पायरीवर बसून राहा. एक दिवसाचा खाडा पडेल. खाडा भरून काढता येतो.